सागवानाची फळी आणि पाच तारांचा बेस

वाचकाचं पत्र:

«नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्यात राहतो, वय ३१. नऊ वर्षांपासून ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नाचे संगीत, गणपती, नवरात्र आणि एप्रिलमध्ये भीमगीतांचे सलग कार्यक्रम असतात. सध्या कंपनीचा चार तारांचा साधा बेस आहे. १ लाख ८० हजार रुपये बाजूला टाकलेत. पुण्यातल्या एका कारागिराकडून पाच तारांचा बेस बनवून घ्यायचं मनात आहे. काकांकडे आलापल्लीच्या सागवानाची जुनी फळी पडून आहे, तिची बॉडी करायची. नेक-थ्रू, ३५ इंच स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), बॅटरीवर चालणारं ॲक्टिव्ह सर्किट, वर बर्लचा, म्हणजे गाठींच्या नक्षीदार लाकडाचा टॉप. मित्र म्हणतात, त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा तयार घे. काय करू? आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) मुलीचं नाव इनले करून, म्हणजे जडवून घेतलं तर चालेल का?»
बेसवाला, मानेवाडा

उत्तर:

बनवून घ्या, पण पत्रातल्या यादीप्रमाणे नको. पाच तारा ठेवा. सागवानाची बॉडी, नेक-थ्रू, ३५ इंच आणि बर्ल यांतलं काहीही तुमच्या कामाला लागणारं नाही. ॲक्टिव्ह सर्किट चालेल, पण एका अटीवर. ती पुढे सांगतो.

पाच तारांचा तुमचा हिशोब बरोबर आहे, कारण तुम्ही गायकाच्या पट्टीचे गुलाम आहात. गायकाने काळी एक मागितली की चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, ६९ हर्ट्झला. त्याखालचा षड्ज वाद्यात नाहीच. पाच तारांवर तो बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येतो, ३४.६ हर्ट्झला. पांढरी एक असेल तर पहिला फ्रेट, पांढरी दोनला तिसरा, काळी दोनला चौथा. गायिकांच्या काळी चार-पाचला ई तार पुरते, तिथे बी तारेची गरज क्वचितच पडते. खालच्या सुरांपेक्षाही मोठा फायदा असा की हात एकाच जागी राहतो. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर ई मिळत असल्यामुळे कार्यक्रमात ऐनवेळी पट्टी बदलली तरी बोटांची तीच ठेवण दोन-चार फ्रेट सरकवून भागतं.

मात्र बी तारेकडून भलती अपेक्षा ठेवू नका. मोकळ्या बी तारेचा मूळ सूर ३०.९ हर्ट्झचा आहे, आणि लॉनवर किंवा मांडवात लागणाऱ्या बहुतेक सबमधून (खालच्या सुरांच्या स्पीकरमधून) ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही बाहेर येत नाही. लोकांना ऐकू येतात ते त्याच तारेचे ६२ आणि ९३ हर्ट्झचे हार्मोनिक. म्हणून कारागिराकडे स्वच्छ बी मागा, खोल बी नको.

इथेच ३५ इंचाचा मुद्दा येतो. तार तीच आणि सूर तोच असेल तर ३४ वरून ३५ इंचावर गेल्यावर ताण साधारण ६ टक्के वाढतो. एवढ्याने ढिली बी तार घट्ट होत नाही. तेवढा फरक .१२५ ऐवजी .१३० इंच जाडीची तार लावूनही पडतो. बी तार पुटपुटते त्याची कारणं बहुतेक वेळा दुसरी असतात. नटची (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद असते, तार सॅडलवर (ब्रिजवरच्या टेकूवर) नीट मोडून बसलेली नसते, नेक लवचीक असतो किंवा नेकचा जोड सैल असतो. बाजू ताणाचीच लढवायची असेल तर डिंगवॉल ही कॅनडाची कंपनी करते तसं करावं लागतं. तिच्या पाच तारांच्या बेसमध्ये सगळ्यात बारीक ‘जी’ तार ३४ इंच आणि बी तार ३७ इंच असते, फ्रेट पंख्यासारखे तिरपे. तो वेगळाच प्रकार आहे, हात बसायला वेळ लागतो. एक इंच वाढवल्याने मात्र पहिल्या चार फ्रेटवर बोटं जास्त ताणावी लागतात, आणि ब्रिज थ्रू-बॉडी (तारा बॉडीच्या मागून ओवलेल्या) असेल तर नेहमीच्या लाँग स्केल तारा आखूड पडू शकतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तार तुटली आणि सीताबर्डीत हव्या त्या लांबीचा सेट मिळाला नाही, तर काय कराल? ३४ इंच घ्या. ४५, ६५, ८५, १०५, १३० (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हा नेहमीचा सेट लावा आणि एक सेट कायम केसमध्ये ठेवा.

आता फळी. आलापल्लीच्या सागाला नावं ठेवायची आमची हिंमत नाही. तो हवामानाने कमी हलतो, नेकसाठी पुरेसा ताठ असतो आणि दिसतोही देखणा. अडचण वजनाची आहे. बेसच्या बॉडीला सगळी खोदाई वजा जाता साडेचार ते पाच लिटर लाकूड लागतं. साग घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसती बॉडीच तीन किलोच्या घरात गेली. शिवण लाकडात तीच बॉडी सव्वादोन-अडीच किलोत बसते. पाऊण-एक किलोचा हा फरक दुकानात जाणवत नाही, चार तासांच्या कार्यक्रमात तिसऱ्या तासाला डाव्या खांद्यात जाणवतो. शिवण आपल्याच जंगलातलं लाकूड आहे, हलकं आणि स्थिर. लकडगंजमध्ये चौकशी करा. ती मिळाली नाही तर तूण चालेल. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला आणि सतारीला तूणच वापरतात.

मग काकांच्या फळीचं काय? तिचा उपयोग दोन ठिकाणी करा. एक, बर्लच्या जागी ६ मिलीमीटरचा सागाचा टॉप. त्याने वजन जेमतेम शंभर ग्रॅम वाढतं, आणि बर्लचे पैसे वाचतात. दोन, नेकमधल्या पट्ट्या. फळी कारागिराकडे पाठवण्याआधी दोन्ही टोकं पाच-पाच सेंटीमीटर कापा, कारण चिरा तिथूनच आत गेलेल्या असतात. जुने खिळे चुंबकाने शोधा. मॉइश्चर मीटरने ओलावा मोजून घ्या. ८ ते १० टक्के असेल तर ठीक, १२ च्या वर असेल तर फळी अजून काही महिने कारागिराकडे सावलीत पडू द्या. सागात तेल असतं, त्यामुळे गोंद धरत नाही. चिकटवायच्या वेळी रंधा मारलेला ताजा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसायचा आणि लगेच चिकटवायचं. आज पुसून उद्या चिकटवलं तर तेल पुन्हा वर आलेलं असतं, आणि वर्षभरात टॉप कडेने सुटतो. कारागिराला हे माहीत आहे का, हे त्याला विचारून बघा. उत्तर देताना तो अडखळला तर साग त्याच्या हाती देऊ नका.

लाकडाच्या जातीने आवाज किती बदलतो, यावर रात्र-रात्र वाद चालतात. सॉलिड बॉडीच्या बेसमध्ये पिकअप (तारांची थरथर टिपणारं चुंबक) कुठे बसवलाय याला जास्त वजन आहे, असं आमचं मत. १९७० च्या दशकात फेंडरने जाझ बेसचा मागचा पिकअप ब्रिजकडे साधारण १० मिलीमीटर सरकवला आणि आवाज लक्षात येण्याइतका टोकदार झाला. लाकूड बदलून एवढा फरक क्वचितच मिळतो.

पैसा घालायची खरी जागा नेक आहे, नागपुरात तर जास्तच. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर. उघडं लाकूड पहिल्या हवेत ४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळायला बघतं आणि दुसऱ्या हवेत १५-१६ टक्क्यांपर्यंत फुगायला. पॉलिशमुळे हा वेग कमी होतो, थांबत नाही. त्यात आपले कूलर. बाहेर रखरखीत हवा, खोलीत कूलरसमोर दमट ओल, आणि संध्याकाळी वाद्य उचलून तापलेल्या लॉनवर. दिवसातून दोनदा हवा बदलली की नेक हलतोच. कुणाचा पुढे वाकतो, कुणाचा मागे, ते लाकडाच्या रेषांवर ठरतं. त्यामुळे कारागिराला हे लिहून द्या:

नेक पाच पट्ट्यांचा, मेपल आणि सागाच्या आलटून-पालटून, सगळ्या पट्ट्यांच्या रेषा उभ्या. ट्रस रॉड (नेकचा वाक सुधारणारा आतला दांडा) दुहेरी क्रियेचा, म्हणजे दोन्ही दिशांना वाकवता येणारा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या. रॉडचं समायोजन नेकच्या बॉडीकडच्या टोकाला उघड्या चक्राने व्हावं, त्यात खिळा किंवा टॉमी बार घालून फिरवता येईल असं. काही जुन्या पद्धतीच्या बेसमध्ये रॉड फिरवायला नेक खोलावा लागतो. पुण्याच्या हवेत ते खपून जाईल, पण इथे वर्षातून तीन-चार वेळा रॉडला हात लावावा लागणार आहे.

फिंगरबोर्डला शिसव घ्या. आबनूस काळाकुळकुळीत दिसतो, पण कोरड्या हवेत आकसतो आणि चिरतो. फिंगरबोर्ड आडवा आकसला की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात, हात वरखाली करताना करवतीसारखी लागतात. मे महिन्यात नागपुरातल्या निम्म्या गिटारी हेच करतात. उपाय बनवतानाच करायचा असतो. फ्रेटचा खाली रुतणारा भाग दोन्ही बाजूंनी अर्धा-एक मिलीमीटर आत कापायचा आणि कडेची खाच भरून टाकायची. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे मागा. घामाने आणि गोल तारांनी निकेल-सिल्व्हरचे फ्रेट झिजतात, तुमच्यासारख्या रोज वाजवणाऱ्याचे लवकरच. स्टीलच्या फ्रेटना कारागीर जास्त पैसे मागेल, ते द्या. त्याची हत्यारं त्यावर बोथट होतात.

नेक-थ्रू नको, ते याच कारणाने. नेक-थ्रूमध्ये नेक आणि बॉडीचा मधला भाग एकच असतो. वरच्या फ्रेटना हात सहज पोचतो, हे खरं. पण नेकला पीळ पडला तर सगळं वाद्य गेलं. बोल्ट-ऑनमध्ये नेक बदलता येतो, कोन चुकला तर पातळ पाचर घालून सुधारता येतो. लाकडी स्क्रूऐवजी नेकमध्ये धातूचे थ्रेडेड इन्सर्ट आणि मशीन बोल्ट लावायला सांगा, पाच-सहा. परत-परत खोलल्याने ते ढिले पडत नाहीत.

मापं तुमच्या हाताची हवीत, कॅटलॉगची नव्हेत. ब्रिजपाशी तारांमधलं अंतर १९ मिलीमीटर असलं तर स्लॅपला (अंगठ्याने तार आपटायला) अंगठा मोकळा राहतो, १७ ते १७.५ असलं तर बोटांनी वेगात वाजवायला सोपं जातं पण पॉप करताना (तार ओढून सोडताना) बोट अडकतं. तुमच्या कामात दोन्ही आहे, १८ मधला रस्ता. नटची रुंदी ४५ ते ४७ मिलीमीटर. ऑर्डर देण्याआधी दोन-तीन महिने कुणाचा तरी पाच तारांचा बेस मागून किंवा भाड्याने घेऊन कार्यक्रमात वाजवा. डावा अंगठा कुठे टेकतो, उजवा कुठे टेकतो आणि कुठली तार चुकून वाजते, हे टिपून ठेवा. बी तार वाजत नसताना दाबून ठेवायची सवय लागली नाही, तर महागड्या बेसमधूनही घूं घूं ऐकू येत राहील.

एकूण वजन ४.२ किलोच्या आत असावं, हे करारात लिहा. समतोलासाठी वरच्या शिंगाचं पट्ट्याचं बटण साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेत यावं आणि ट्यूनर हलके असावेत, हिपशॉट अल्ट्रालाइटसारखे. पाच ट्यूनर हेडस्टॉकवर लटकतात. जड घेतले की हात सोडताच नेक जमिनीकडे जातो, आणि मग डावा हात वाजवायचं सोडून वजन पेलत बसतो.

पिकअपबद्दल एकच गोष्ट ठाम सांगतो: हम-कॅन्सलिंग, म्हणजे विजेची घरघर (हम) कापणारे घ्या. लॉनवर जनरेटर, मांडवात अर्धवट अर्थिंग, शेजारी लाइटवाल्याचे डिमर. साध्या सिंगल कॉइल जोडीत दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना हम कापला जातो, पण एक कमी केला की परत येतो, आणि तुम्ही तो कमी करणारच. ॲग्विलारचे किंवा नॉर्डस्ट्रँडचे जाझ आकाराचे हम-कॅन्सलिंग पिकअप चांगले आहेत. आतली पोकळी तांब्याच्या टेपने मढवून घ्या, प्रत्येक तुकडा एकमेकाला सोल्डर केलेला हवा.

आता ती अट. ॲक्टिव्ह प्रिअँप घ्या, पण पॅसिव्ह बायपास स्विच आणि पॅसिव्हमध्ये चालणारा टोन नॉब असलाच पाहिजे. नऊ व्होल्टची बॅटरी संपायला आली की जोरात वाजवलेले सूर आधी फाटतात, मग आवाज जातो. स्विच असेल तर गाणं थांबत नाही. बॅटरीचा खण स्क्रू ड्रायव्हरशिवाय उघडावा. आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवा. जॅकमध्ये प्लग असला की सर्किट चालूच राहतं, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी.

मित्रांच्या सल्ल्यात एक तथ्य आहे. नावाजलेल्या कंपनीचा बेस विकताना बरी किंमत येते, अनोळखी कारागिराच्या कस्टमला घेणारा शोधावा लागतो. पण फोडेरा किंवा न्यूयॉर्कचा सॅडोव्स्की तुमच्या रकमेत बसत नाहीत, कितीतरी पट महाग आहेत. या पैशात मिळतील ते कारखान्यातले मधल्या फळीचे बेस, आणि ते चांगले असतात. उद्या वाद्य विकायची शक्यता वाटत असेल तर तेच घ्या. परदेशातून मागवणार असाल तर विक्रेत्याची किंमत, विमानाचं भाडं, विमा, सीमाशुल्क आणि त्यावरचा आयजीएसटी अशी बेरीज आधी करा. इलेक्ट्रिक बेस कस्टम्सच्या शीर्षक ९२०७ खाली येतो, कुरियर कंपनीकडून त्या दिवशीचा दर लेखी घ्या. तुमच्या गरजा मात्र इतक्या नेमक्या आहेत (स्थानिक हवा, वजन, १८ मिलीमीटर) की बनवून घेण्यात अर्थ आहे.

कारागिराला पैसे तीन हप्त्यांत द्या. मापांच्या सहीच्या कागदावर ३० टक्के, नेक आणि बॉडी कोरी तयार झाल्यावर ३०, उरलेले तपासणीनंतर. ब्रिज, ट्यूनर, पिकअप, प्रिअँप यांची बिलं वेगळी मागा. पॉलिशच्या आधी वाद्य कोरं जोडून, पूर्ण ताणात तारा लावून दोन आठवडे ठेवायला सांगा. नेकला काय करायचं असेल ते त्या दोन आठवड्यांत बऱ्याच अंशी दिसतं, आणि कोऱ्या लाकडावर दुरुस्ती सोपी असते. पॉलिशमध्ये बॉडीला पीयू (पॉलियुरेथेन), नेकच्या मागे पीयूच पण मॅट. आणि एक पावसाळा, एक उन्हाळा पार होईपर्यंतचे सेटअप मूळ किमतीत धरून घ्या.

घ्यायला स्वतः पुण्याला जा. सोबत डिजिटल वजनकाटा, मल्टिमीटर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) न्या. फीलर गेज मोटार स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. आधी वजन. मग पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक खाली गेला तर तिथेच सांगा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा, आठव्या फ्रेटपाशी ०.३ मिलीमीटरची पाती अलगद जायला हवी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ‘जी’ तारेला २ मिलीमीटर आणि बीला २.५ च्या आसपास. तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, जेमतेम कागदाएवढी फट हवी. जास्त असेल तर नट उंच आहे, आणि खालचे सूर चढे लागतील. नट ते बारावा फ्रेट ४३१.८ मिलीमीटर. ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळवून बघा, आणि जुळल्यावर कुठलंही सॅडल अगदी टोकाला गेलेलं नाही ना तेही बघा. टोकाला गेलं असेल तर ब्रिज चुकीच्या जागी बसलाय. ही चूक सेटअपने सुटत नाही.

मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवा. पाच तारा, बावीस फ्रेट, ११० जागा. घाई करू नका. ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये एखादा सूर लगेच मरतो का ते ऐका. बोल्ट-ऑन बेसमध्ये ही जागा नेहमीची आहे, थोडं कमी-जास्त चालतं, पण दोन सेकंदांत सूर गेला तर घेऊ नका. नेकच्या खोबणीत कडेने व्हिजिटिंग कार्ड शिरता कामा नये. मल्टिमीटरने ब्रिज ते जॅकची बाहेरची बाजू मोजा, एक ओहमच्या आत हवं.

नागपुरात आणल्यावर लगेच चक्र फिरवू नका. आठवडाभर घरात राहू द्या, मग मोजा. फिरवायचं झालं तर तारा थोड्या सैल करून पाव फेरा, चार-पाच तास थांबून पुन्हा मोजायचं. भिंतीवर टांगू नका, कूलरच्या झोतात तर अजिबात नको. कडक केसमध्ये ४९ टक्क्यांची दुतर्फी ह्युमिडिटी पाकिटं आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत वाद्य सोडून जेवायला बसू नका. आतलं तापमान ६० अंशांच्या वर जातं, गोंद मऊ होतो.

मुलीचं नाव बाराव्या फ्रेटवर नको, हेडस्टॉकच्या मागे कोरून घ्या. फिंगरबोर्ड वाजवताना घासला जातो, आणि कधी फ्रेट बदलायची वेळ आली की इनले उखडायची भीती असते. तेवढ्या पैशात नेकच्या कडेला अंधारात चमकणारे ३ मिलीमीटरचे ठिपके बसवून घ्या. स्टेजवर लाइट गेले की बाराव्या फ्रेटच्या पुढचं नाव वाचायचं नसतं, आपण कुठल्या फ्रेटवर आहोत ते शोधायचं असतं.